टेम्पोतला बर्फ

"पोरगा वाचला तो बर्फानं, दवाखान्यानं नाय. आमी त्याला बर्फात घालून नेला म्हणून जीव टिकला. ब्रदर तर बर्फ उपसून भायेर फेकीत व्हता, नि वर कांबळी टाकीत व्हता. जळलेल्या मानसावर कांबळी! आमी आडवे आलो म्हणून आज हा तुमच्यापुढं उभा हाय."

तारापूरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर, नव्या बोटीच्या पूजेसाठी घातलेल्या मांडवात, हे शब्द ध्वनिक्षेपकावरून उच्चारले गेले. बोलणारा त्या पोराचा सख्खा मामा. बोटीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल. ज्या ब्रदरविषयी तो बोलत होता तो मी. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मला रीतसर आमंत्रण होते, आणि त्याच तांडेलाने थोड्या वेळापूर्वी माझ्या खांद्यावर शाल घालून हातात नारळ दिला होता. आधी सत्कार करून मग बदनामी करण्याची ही पद्धत मला तोवर अपरिचित होती.

एवढ्यावर तो थांबला असता तर मी लेखणी हातात घेतली नसती, असे मी म्हणणार नाही. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण तो थांबला नाही. त्याने पुढे जाहीर केले, "कंपनीत परत स्फोट झाला तर आपला टेम्पो बर्फ भरून तयार हाय. पयला बर्फ, मग दवाखाना." त्यावर टाळ्या पडल्या. त्या गावातली निम्मी तरुण मुले आज तारापूरच्या कारखान्यांत कामाला जातात. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच कोणाचा तरी मुलगा उद्या त्या टेम्पोत घातला जाईल, आणि त्याला उचलून घ्यायला दवाखान्याच्या दाराशी मी नसेन. मी आता वाणगावला असतो, दोन खोल्यांच्या घरात, आणि जिना चढताना माझे गुडघे कुरकुरतात. म्हणून जे घडले ते, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, लिहून ठेवतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या पुरुषाला रुग्णालयात 'ब्रदर' म्हणतात. माझे हातपाय चालत होते तोवर बोईसरमध्ये मला दुसरे नाव नव्हते. औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या एका खाजगी रुग्णालयाचा अपघात विभाग मी सांभाळला. यंत्रात गेलेले पंजे, वायूने कोंडलेले श्वास, आम्लाने सोललेल्या पाठी, हे माझे रोजचे काम होते. भाजलेला माणूस म्हणजे काय, हे मला कोणी भाषणातून शिकवलेले नाही, आणि म्हणून भाषणातून कोणी ते खोडूनही काढू शकणार नाही.

त्या दिवशी दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती. आमच्या भागात जमीन हादरली की लोक आधी भूकंप समजतात. डहाणू-तलासरीकडून तसे धक्के येत असतात. नाव नोंदवण्याच्या खिडकीवरची मुलगी "भूकंप, भूकंप" करीत बाहेर पळाली. मी पळालो नाही. भूकंपात तावदाने खडखडतात. स्फोटात ती घरात येतात. आमच्या दोन खिडक्यांच्या काचा ड्रेसिंगच्या टेबलावर येऊन पडल्या होत्या. मी सफाईच्या मावशीला काचा झाडायला सांगितले, रुग्णवाहिकेच्या फाटकाशी बागेचा पाण्याचा पाइप ओढून घेतला आणि कात्र्या मांडल्या.

मग ते आले. रिक्षांतून, कंपनीच्या बसमधून, एक तर दुचाकीवर दोघांच्या मध्ये धरलेला. कारखान्यातली एक मोठी बंद टाकी फुटली होती आणि तिच्यातल्या द्रावणाचा भडका उडाला होता. एकाच्या हाताची कातडी बाहीसारखी मनगटावर उतरली होती. एकाचा टेरिकॉटचा शर्ट छातीत वितळून बसला होता, आणि तो स्वतःच्या नखांनी ते कापड ओढत होता. कापडाबरोबर काय निघते आहे हे त्याला कळत नव्हते. "पानी डालो भैया, पानी डालो," असा एकच आक्रोश चालला होता, आणि आम्ही पाणी घालतच होतो. साधे, नळाचे, वाहते पाणी. हे मुद्दाम लिहितो, कारण मी भाजलेल्याला गारवा नाकारला असाही एक प्रवाद दांडीत आहे. पाणी मी प्रत्येकाला दिले. बर्फ ही निराळी गोष्ट आहे.

तांडेलाचा टेम्पो सर्वांत शेवटी आला.

तो त्या दुपारी बोटींसाठी बर्फ भरून कारखान्याच्या रस्त्याने निघाला होता. भाचा त्याच कंपनीत हेल्पर. स्फोट ऐकून तांडेल टेम्पो सोडून फाटकातून आत धावला आणि आगीतून भाच्याला खांद्यावर टाकून बाहेर आला. त्याच्या भुवया त्या दिवशी जळाल्या होत्या, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याच्या धैर्याबद्दल मला एक अक्षर बोलायचे नाही. वाद त्यानंतर त्याने जे केले त्याबद्दल आहे. रुग्णवाहिका भरून गेली होती. त्याने टेम्पोचा फाळका उघडला आणि त्याचे हात जे आयुष्यभर करीत आले होते तेच त्यांनी केले. मासळी भरण्याची एक रीत असते. खाली बर्फाचा चुरा, वर मासळी, तिच्यावर पुन्हा चुरा, आणि गारवा जबर बसावा म्हणून मुठीमुठीने मीठ. कुल्फीवाल्याच्या पिंपात जे चालते तेच इथे चालते. मीठ पडले की बर्फ साध्या बर्फाहून कितीतरी अधिक गार होतो. त्या रीतीने त्याने भाच्याला भरला. खाली चुरा, वर भाचा, वर चुरा, मीठ, आणि सगळ्यावर ओले गोणपाट. मग अग्निशमनाच्या गाड्यांनी रस्ता तुंबला आणि तो टेम्पो वसाहतीच्या आत बराच वेळ नुसता घरघरत उभा राहिला.

मी गोणपाट दूर केले तेव्हा तो तरुण डोळे अर्धवट उघडे ठेवून पडला होता. ओठ जांभळे, पापणी हलत नव्हती.

"बघ, कसा निवांत पडलाय," तांडेल मोठ्या अभिमानाने म्हणाला. "चढवला तवा बोंबलत व्हता. बर्फानं गप केला."

इथे वाचकाने थांबावे, कारण तांडेलाची सगळी कथा या एका वाक्यावर उभी आहे. अपघात विभागात जो ओरडतो त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहतो. जो गप आहे त्याच्याकडे आधी धावतो. ओरडायला श्वास लागतो, रक्तदाब लागतो, शुद्ध लागते. भाजलेल्या माणसाच्या रक्तातले पाणी शिरांबाहेर झिरपू लागते, नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात. याला आम्ही शॉक म्हणतो, आणि भाजलेला माणूस पहिल्या दिवशी जातो तो बहुधा याने जातो. अशा माणसाला जर बर्फात पुरले तर उरलेल्या शिराही आकसतात, आणि जे थोडे रक्त फिरत असते तेही फिरायचे थांबते. मी त्याच्या मनगटावर बोटे ठेवली. नाडी नव्हती. मानेत लागली, लांबून ऐकू येणाऱ्या बोटीच्या इंजिनासारखी.

मी टेम्पोत चढलो आणि दोन्ही हातांनी बर्फ उपसू लागलो.

"ए ब्रदर! येडा झालास काय? बर्फ का काढतो?"

"मरायला टेकलाय तो, म्हणून काढतो. स्ट्रेचर आणा!"

"बर्फ काढलास तर भडकंल तो आतून!"

"तांडेल, बोट तुमची. हे दार माझे. बाजूला व्हा."

हे उद्धट होते असे मला आजही वाटत नाही. बोटीवर त्याच्या शब्दाला जो मान आहे तो त्या दाराशी माझ्या शब्दाला होता.

आत नेऊन आम्ही ओले कपडे कापले. आगीने उजवी बाजू घेतली होती: खांदा, छाती, पोट, पंजासकट उजवा हात. तोंड त्याने वळवले असावे, ते वाचले होते. मी त्याला कोरड्या, स्वच्छ चादरीत गुंडाळले आणि वर दोन कांबळी घातली. हाताच्या शिरा सापडत नव्हत्या. आमच्या डॉक्टरबाई, ज्या तेव्हा नोकरीत अगदी नवीन होत्या, घोट्याजवळ चीर देऊन शीर उघडी करू लागल्या. मी सलाइनच्या बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवल्या होत्या, त्या एकेक पुसून चढवण्यासाठी धरल्या. दाराच्या काचेतून तांडेल पाहत होता. त्याने कांबळी पाहिली, आणि काच फुटली.

ती त्याने स्टुलाने फोडली. ती मी फोडली असे आता गावात सांगतात, ते खोटे आहे.

तो आत आला तो टेम्पोवरच्या चार खलाशांसह. दोघांच्या डोक्यावर बर्फाने भरलेल्या पाट्या होत्या. "कांबळी काढ! कोनी शिकवला तुला, जळलेल्याला कांबळीत घालायला?" माझ्या उत्तराची त्याने वाट पाहिली नाही. पहिली पाटी उघड्या शिरेसकट त्या पोराच्या पायांवर रिकामी झाली. डॉक्टरबाईंच्या हातातला चिमटा उडाला. दुसरी पाटी येत होती ती मी खांद्याने उलटवली; बर्फ फरशीभर पसरला, औषधांच्या कपाटाखाली गेला. एका खलाशाने सलाइनचा लोखंडी स्टँड उपटला आणि माझ्या पाठीत घातला. मी पडलो नाही. बाटली माझ्या उजव्या हातात उंच धरलेली होती आणि ती मी खाली येऊ दिली नाही, याचा मला त्या दुपारच्या बाकी सगळ्यापेक्षा अधिक अभिमान आहे. डाव्या हाताने मी त्याच्या नाकावर मारले. रक्त आले. आले तर आले.

तेवढ्यात अंगात ऊब शिरू लागली म्हणून म्हणा, पायावर पडलेल्या बर्फाने म्हणा, स्ट्रेचरवरचा देह थरथरला. आधी जबडा वाजू लागला, मग खांदे, मग सगळे स्ट्रेचर खडखडू लागले. आणि तो किंचाळला.

तशा किंचाळ्या मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ ऐकल्या. इतक्या आनंदाने एकही ऐकली नाही.

पण दाराबाहेर त्याची आई होती. बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसली होती, तिथून तशीच धावत आली होती. टेम्पोत गप असलेला मुलगा माझ्या हाती येताच किंचाळतो आहे, एवढेच तिला दिसले. तिने पायातली चप्पल काढली. "माज्या पोराला मारतोस व्हय रे मेल्या! कसाई!" आणि ती माझ्या मानेवर, कानावर, डोक्यावर मारीत राहिली. मी तिला मागे वळून काहीही केले नाही, कारण हात रिकामा नव्हता आणि कारण ती आई होती. तांडेलाने मात्र समोरून माझा गळा धरला. जाळी ओढणाऱ्या माणसाची ती पकड. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा मी रिकामी ट्रॉली पायाने त्याच्या गुडघ्यांवर ढकलली. तो मागे गेला, त्यानेच आणलेल्या बर्फावरून घसरला आणि ट्रॉलीच्या दांडीवर तोंडाने आपटला. त्याचा पुढचा दात तुटला. गावात सांगतात की ब्रदरने ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या पान्याने दात पाडला. पाना त्या वेळी सिलिंडरलाच अडकवलेला होता. आणि मी पान्याने मारले असते तर एकच दात पडला नसता.

"मामा," स्ट्रेचरवरून घोगरा आवाज आला. "बर्फ नको... मामा, बर्फ नको."

खोलीतली मारामारी त्या आवाजाने थांबली, माझ्या किंवा कोणाच्या ताकदीने नाही. आईच्या हातातली चप्पल खाली आली. तिने मुलाच्या कपाळाला हात लावला आणि भावाकडे न पाहता म्हणाली, "दादा, भायेर जा." तो गेला, तोंडावर हात धरून. डॉक्टरबाईंनी रडत रडत शीर पुन्हा शोधली. पण हात त्यांचा हलला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. गरम सलाइन चढले. पुढे लघवीच्या नळीतून काळसर, मग पिवळी धार आली तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून मूर्खासारखे हसलो. भाजलेल्याची लघवी सुरू झाली की मूत्रपिंड जिवंत आहे, रक्त फिरते आहे, माणूस अजून आपल्यात आहे.

संध्याकाळी त्याला मुंबईच्या भाजलेल्यांच्या विभागात हलवले. रुग्णवाहिकेत मागे मी आणि आई, पुढे चालकाजवळ तोंडाला फडके बांधलेला तांडेल. मनोर मागे पडले. मग मधल्या झरोक्यातून आवाज आला.

"दात पाडलास माजा."

"तुमच्याच बर्फाने पडला."

"पोरगा मेला तर तुला खाडीत बुडवीन."

"आणि जगला तर?"

"जगला तर बर्फानं जगला."

"दादा, त्वांड बंद ठेव," आई म्हणाली. "हाय तेवढं तरी दात राहू दे." चालक हसला. हसताना गाडी हलली म्हणून मी त्याला रागावलो.

म्हणजे मांडवातली कथा नंतर रचली गेली नाही. ती त्या रस्त्यावर, निकाल लागण्याआधीच तयार होती. मुलगा जगला. छातीवर आणि हातावर कातडी लावावी लागली, महिने गेले, पण जगला, आणि कारखाना सोडून मामाच्या बोटीवर गेला. तेव्हापासून मी ठिकठिकाणी त्या कथेशी झगडत आलो आहे. भाच्याने स्वतः "बर्फ नको" म्हटले, असे मी सांगतो. तांडेल म्हणतो, तो वातात बडबडत होता. भाच्याला विचारावे तर त्याला टाकी फुटल्यापासून मुंबईच्या खाटेवर डोळे उघडेपर्यंतचे काहीच आठवत नाही, तेव्हा साक्षीदार म्हणून तो बाद. आईला विचारावे तर ती भावाच्या घरात राहते. डॉक्टरबाई आता मोठ्या झाल्या आहेत, त्या फोनवर म्हणतात, "ब्रदर, जाऊ द्या हो. माणूस जगला ना? त्यांना बर्फाचे समाधान मिळू द्या." मला हे समाधान मान्य नाही. जगलेल्या माणसाच्या आधारावर चुकीची गोष्ट उभी राहिली तर ती पुढच्या माणसाला मारते. आणि मेलेला माणूस ध्वनिक्षेपकावर येऊन काही सांगत नाही.

मांडवात टाळ्या थांबल्या तेव्हा तांडेलाने भाच्याला जवळ ओढले आणि त्याचा उजवा हात धरून उंच केला. भाजल्याच्या खुणांनी तो हात सुरकुतलेला, चकचकीत, पण पुरा होता. "ह्यो बघा आगीत गेलेला हात! पाची बोटं शाबूत! मोजा!" पुढे बसलेल्या बायकांनी खरोखरच मोजली. पुन्हा टाळ्या.

मी उभा राहिलो. शाल खुर्चीवर ठेवली.

"तांडेल," मी म्हणालो, आणि मला ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही, "आता त्याचा दुसरा हात वर करा."

"बसा वो ब्रदर, चा येतोय."

"चहा मागून घेईन. डावा हात वर करा."

भाच्याने मामाकडे पाहिले, मग माझ्याकडे. डावा हात त्याने लेंग्याच्या खिशातून काढला आणि स्वतःच वर केला.

त्या हाताला आगीची झळसुद्धा लागलेली नव्हती. टेम्पोत तो कोपरापर्यंत मिठाच्या बर्फात पुरलेला होता, आणि त्याची शेवटची दोन बोटे गारठून काळी पडल्यामुळे मुंबईत कापून काढावी लागली.